बाळ मांडीवर की पट्ट्यात? विमानप्रवास आणि कार सीट

गेल्या महिन्यात दवाखान्यात ओळखीचे एक आजोबा आले. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून दिल्या, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, एक घरगुती काम आहे. पोरगी अमेरिकेहून येतीये, नातू अकरा महिन्यांचा. तिनं त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढलंय आणि त्याची ती मोटारीतली खुर्ची विमानात घेऊन येणारे. अहो, दोन वर्षांच्या आतलं पोर मांडीवर येतं, तेही थोडक्या पैशात. एवढा पैसा घालवायचा कशाला? तुम्ही तरी तिला समजवा."

मी म्हणालो, "आजोबा, तिला नको, तुम्हालाच समजावतो. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा माझ्या मुलीला हेच म्हणालो होतो, आणि माझंच चुकलं होतं."

तेव्हा जे त्यांना सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे. विषय परदेशाचा वाटेल, पण तो आता आपल्या दारात आला आहे. केडगावात गल्लीआड एखादे तरी घर असे आहे, की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात नोकरीला आहे. आपल्या जिल्ह्यात शिर्डीजवळ काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाला. पूर्वी विमान आकाशात पाहणारी माणसे आता तान्ह्या बाळांना घेऊन विमानात बसू लागली आहेत. म्हणून ही माहिती सर्वांना हवी.

कार सीट म्हणजे काय?

कार सीट म्हणजे लहान मुलांसाठी केलेली कडक प्लास्टिकची, आतून गादी असलेली खुर्ची. ती मोटारीच्या मागच्या आसनावर पट्ट्याने किंवा खालच्या लोखंडी कड्यांना घट्ट बसवतात. बाळाला तिच्यात पाच ठिकाणी धरणारा पट्टा असतो: दोन खांद्यांवर, दोन कमरेच्या बाजूंना आणि एक पायांच्या मधे. धक्का बसला की त्याचा जोर एका जागी न पडता शरीराच्या मजबूत भागांवर वाटला जातो.

तान्ह्या बाळाची खुर्ची उलटी, म्हणजे मोटारीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. पुष्कळांना याचे नवल वाटते. कारण सोपे आहे. जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. आपले डोके त्या प्रमाणात असते तर ते छातीच्या मध्यापर्यंत आले असते! डोके जड आणि मान मऊ. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके गाडी थांबताच पुढे हिसडले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट बसलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकदमच खुर्चीत दाबली जातात, मान वाचते. म्हणून निदान दोन वर्षांपर्यंत, आणि खुर्चीची वजन-उंचीची मर्यादा असेल तोवर त्यानंतरही, मूल उलटेच बसवावे असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

अमेरिकेत टेनेसी या राज्याने १९७८ पासून कार सीट सक्तीची केली आणि १९८५ पर्यंत तेथील सर्व राज्यांनी असा कायदा केला. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलींना पहिल्या दिवसापासून ही सवय लागते. बाळ दवाखान्यातून घरी येते ते कार सीटमध्ये बसूनच. मग बाळंतपणाला गेलेल्या आजीबाईंना वाटते, "एवढ्याशा जिवाला बांधून काय ठेवता?"

घट्ट धरले तर चालणार नाही का?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. त्याचे उत्तर थोड्या गणितात आहे.

समजा, मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोरच्या ट्रकवर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली. हे सगळे एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे बाळ त्या क्षणापुरते दोन क्विंटलचे होते, म्हणजे कांद्याच्या चार गोण्या. कोणत्या आईच्या हातात तेवढे बळ आहे? पैलवानाच्याही नाही. आईचे प्रेम कमी पडते असे नाही, माणसाचे हात कमी पडतात.

विमानाचेही तसेच. १९८८ नंतर अमेरिकेत ज्या नव्या नमुन्यांच्या विमानांना मान्यता मागितली गेली, त्यांची आसने वजनाच्या १६ पट धक्का सहन करतील अशी असावीत हा नियम झाला. म्हणजे आसन टिकते, पट्टा बांधलेला मोठा माणूस टिकतो. फक्त मांडीवरच्या बाळासाठी त्या विमानात काहीही केलेले नसते.

एक आई, एक हवाई सुंदरी

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे विमान आयोवा राज्यातील सू सिटी येथे कोसळले. शेपटीतले इंजिन फुटून विमानाची सुकाणू यंत्रणाच निकामी झाली होती. विमानात २९६ माणसे होती. वैमानिकांनी कमालीच्या कौशल्याने विमान धावपट्टीपर्यंत आणले, त्यामुळे १८४ जण वाचले, ११२ दगावले.

त्या विमानात मांडीवर बसवलेली चार लहान मुले होती. उतरण्याआधी आईवडिलांना काय सांगायचे? त्या काळच्या सूचनेप्रमाणे मुख्य हवाई सुंदरी जॅन ब्राउन यांनी सांगितले, की बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा, भोवती उशा-पांघरुणे लावा आणि हाताने धरून ठेवा. आदळल्यावर मुले हातांतून सुटली. त्यांतला एक मुलगा, दोन वर्षांना थोडाच कमी, वाचला नाही. विमानातून सुटलेली त्याची आई जळत्या विमानात परत जायला निघाली, तेव्हा तिला अडवण्याची वेळ जॅन ब्राउन यांच्यावरच आली. पुढे कित्येक वर्षे या बाईंनी एकच मागणी लावून धरली: विमानात प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा हवा.

२ जुलै १९९४ रोजी शार्लट येथे आणखी एक विमान पडले. त्यात आईच्या मांडीवरचे नऊ महिन्यांचे बाळ दगावले. ते कार सीटमध्ये असते तर वाचले असते, असे तेथील अपघात तपास मंडळाने म्हटले. या मंडळाने मुलांच्या सीटची सक्ती करावी असे वेळोवेळी सुचवले आहे.

विमान पडणे हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, वाचकांनी घाबरून जाऊ नये. त्याहून नेहमीचा धोका म्हणजे हवेतले हेलकावे, ज्याला आपण 'एअर पॉकेट' म्हणतो. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारे विमान अशा हेलकाव्यांत सापडून अनेक प्रवासी जखमी झाले. त्यांतले एक पुढे काही महिन्यांनी दगावले. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानातही एक प्रवासी दगावला आणि कित्येक जखमी झाले. अशा वेळी पट्टा न लावलेला माणूस छतावर आपटतो. मग मांडीवरच्या बाळाचे काय, ते सांगायला नको.

नियम काय सांगतो?

दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसवून नेण्यास अमेरिकेत परवानगी आहे आणि आपल्याकडेही आहे. परदेशी प्रवासात त्याचे भाडे मोठ्यांच्या तिकिटाच्या साधारण दहा टक्के असते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. परवानगी आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असे मात्र नाही. अमेरिकेचे विमान खातेच सांगते, की बाळाची सर्वांत सुरक्षित जागा मान्यताप्राप्त सीटमध्ये आहे, मांडीवर नाही.

मग हे खाते सक्ती का करत नाही? त्यांचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. ते म्हणतात, सक्ती केली तर जादा तिकिटाच्या खर्चामुळे काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे. मुले वाचण्याऐवजी जास्तच दगावतील. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आपल्याकडील विमानांत मांडीवरच्या बाळासाठी हवाई सुंदरी एक छोटा जादा पट्टा देते. तो आईच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती बांधतात. अमेरिकेत हा पट्टा चालत नाही, कारण जोराच्या धडकेत आईचे शरीर पुढे दुमडून बाळ मधे चेपले जाते. तरीही जेथे तो दिला जातो तेथे जरूर लावावा. हेलकाव्यांत बाळ वर फेकले जाण्यापासून तो वाचवतो.

विमानात कार सीट न्यायची तर

बाळासाठी स्वतंत्र जागा घ्या आणि सीट आणणार असल्याचे तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असतात, काही कंपन्या सीटचे नाव आणि मापही विचारतात.

सीटवरचे लेबल पाहा. अमेरिकन सीटवर ती मोटार व विमान दोहोंसाठी मान्य असल्याचे वाक्य लाल अक्षरांत छापलेले असते. विमानातला पट्टा फक्त कमरेचा असतो, खांद्यावरचा नसतो. त्यामुळे ज्या सीटला खांद्याचा पट्टा लागतोच ती विमानात चालत नाही. मोठ्या मुलांना उंच करण्यासाठी जी नुसती बैठक मिळते, जिला 'बूस्टर' म्हणतात, तीही विमान उडताना व उतरताना वापरता येत नाही. साधारण १६ इंचांपेक्षा रुंद नसलेली सीट बहुतेक विमानांच्या आसनात बसते. घरी टेप लावून मोजून घ्या.

सीट खिडकीच्या जागेवर बसवावी, म्हणजे संकटात बाहेर पडताना इतरांची वाट अडणार नाही. संकटकालीन दरवाजाच्या रांगेत आणि तिच्या पुढच्या-मागच्या रांगेत ती चालत नाही.

एक वर्षावरील, १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी 'केअर्स' नावाचा अमेरिकेत मान्य असलेला खांद्याचा पट्टा मिळतो. तो पिशवीत मावतो. पण तो फक्त विमानासाठी आहे, मोटारीत उपयोगाचा नाही.

विमान उडताना, उतरताना, हेलकावे असताना आणि पट्टे बांधण्याचा दिवा लागलेला असताना बाळ सीटमध्ये असावे. मधल्या वेळात त्याला बाहेर काढा, पाजा, मांडीवर खेळवा. पंधरा तास एकाच स्थितीत बाळ ठेवू नये. झोपेत त्याची हनुवटी छातीला टेकून श्वास अडत नाही ना, हे अधूनमधून पाहावे. विमानात मिळणारा पाळणा मधल्या वेळेपुरताच असतो. उडताना, उतरताना तो वापरता येत नाही, आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून उचलून घ्यायला सांगतात.

जाता जाता दोन गोष्टी वैद्यकीय. विमान खाली येताना बाळाचे कान दुखतात, त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. गिळण्याने कान मोकळे होतात. आणि बाळ झोपावे म्हणून सर्दीचे किंवा उलटीचे गुंगी आणणारे औषध मनाने देऊ नये. दोन वर्षांखालील मुलांत अशा काही औषधांनी श्वास मंदावण्याचा धोका आहे.

विमानतळ ते केडगाव

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझी मुलगी चौदा महिन्यांच्या नातीला घेऊन न्यू जर्सीहून आली. नातीचे वेगळे तिकीट, कार सीट विमानात. मी फोनवर बरीच कुरकुर केली होती. मुंबई विमानतळावर रात्री दोनला आम्ही भाड्याची गाडी घेऊन उभे. सौ. नातीला घ्यायला पुढे धावल्या. मी सीट उचलून डिकीत टाकायला निघालो.

मुलगी म्हणाली, "बाबा, सीट डिकीत नाही, मागच्या आसनावर."

गाडीच्या मागच्या आसनाचे पट्टे नव्या कव्हरखाली दडपलेले. ड्रायव्हर म्हणाला, "ते कोणी लावत नाही साहेब." मीही म्हणालो, "अगं, रात्रीचे चार-पाच तास तर आहेत. आजीच्या मांडीवर झोपेल ती."

तिने शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात ना? विमानात मी तिला पट्ट्यात बसवून आणली. त्याहून धोक्याच्या रस्त्यावर आता मांडीवर घेऊ?"

यावर मला बोलता येईना. अर्धा तास खटपट करून कव्हर काढले, पट्टे ओढून बाहेर घेतले, सीट बसवली. द्रुतगती मार्ग झाला, पुणे मागे पडले. शिक्रापूर ओलांडल्यावर पहाटेच्या अंधारात समोर अचानक उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, ना दिवा ना चमकणारी पट्टी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. धडक झाली नाही. पण पायाशी ठेवलेली पिशवी पुढे गेली, मी पट्टा लावलेला असूनही खांदा दुखावला, आणि पट्टा लावायला नको म्हणणाऱ्या आमच्या सौ.चे कपाळ पुढच्या आसनावर आपटून टेंगूळ आले. नात तिच्या खुर्चीत दचकली, क्षणभर रडली आणि परत झोपली.

त्या वेळी नात आजीच्या मांडीवर असती तर? उरलेल्या रस्त्यात गाडीत कोणीच फारसे बोलले नाही. सुपे आले तेव्हा उजाडत होते. सौ.नी तेवढ्यात आपला पट्टा शोधून लावलेला मी पाहिला.

मला दुसरेच काही आठवत होते. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षे झाली होती. एका दुपारी काळीपिवळी जीप दवाखान्यासमोर थांबली. पुढच्या आसनावर बसलेली एक तरुण आई, मांडीवर सात-आठ महिन्यांचे बाळ. जीप उभ्या ट्रकला मागून घासून थांबली होती, वेगही फार नव्हता. आईला नुसते खरचटले होते. बाळाचे डोके समोरच्या पत्र्यावर आदळले होते. मला करता येण्याजोगे थोडेच होते. जे होते ते केले आणि नगरला पाठवले. ते वाटेतच गेले. नंतर ती आई टाके काढायला आली तेव्हा एकच विचारत राहिली, "डॉक्टर, मी घट्ट धरलं होतं हो. धरलं होतं ना?"

तेव्हा तिला काय सांगावे ते मला कळले नाही. आज सांगता येईल. बाई, तुम्ही घट्टच धरले होते. तुमची चूक नव्हती. तेवढा जोर कोणाच्याच हातांत नसतो. पण हे आम्ही डॉक्टरांनी आधी सांगायला हवे होते.

म्हणून सर्व आजी-आजोबांना सांगणे आहे. कार सीट विमानात आणण्याचा अर्धा फायदा विमानात आहे आणि उरलेला अर्धा, खरे तर मोठा, विमानतळाबाहेर आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. लेकीने हजारो मैल सांभाळून आणलेली सीट शेवटच्या अडीचशे किलोमीटरला डिकीत टाकू नका.

मोटारीत सीट बसवताना

कायदाही आता हेच सांगतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेले तर एक हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा मुलाच्या जिवासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. सीट नेहमी मागच्या आसनावर. पुढे एअरबॅग असते. ती मोठ्या माणसाला वाचवते, पण प्रचंड वेगाने फुगते आणि तिच्यासमोरच्या मुलाला तिचाच मार बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या आघाताने दगावल्याचे वाचकांना आठवत असेल. उलटी सीट तर एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

२. गाडी ठरवतानाच मागचे पट्टे चालू आहेत का ते विचारा. कव्हरखाली गेले असतील तर आदल्या दिवशी बाहेर काढायला सांगा. ऐन वेळी रात्री ते होत नाही. अमेरिकन सीट आपल्या गाडीत सैल राहात असेल, तर पट्टा जागच्या जागी अडकवणारी क्लिप सीटबरोबर मिळते, ती वापरा. बसवल्यावर सीट हाताने हलवून पाहा. ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

३. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये इतका घट्ट असावा. आजीने विणलेला जाड स्वेटर पट्ट्याच्या आत घालू नये. लोकर दबते आणि पट्टा सैल पडतो. पट्टा आधी बांधा, मग वरून स्वेटर किंवा दुलई पांघरा.

४. दर दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला बाहेर काढावे, पाजावे, मोकळे करावे. गाडी चालू असताना बाळ रडले तरी काढू नये. आधी गाडी थांबवा, मग बाळ उचला.

५. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नये, बाहेरून धड दिसली तरी. विमानाच्या सामानात टाकलेली सीटही आपटून आतून तडकू शकते, म्हणून ती बरोबर आत नेलेली बरी. प्रत्येक सीटवर वापराची मुदत छापलेली असते, ती पाहावी.

नेहमीच्या शंका

"आमची पाच पोरं मांडीवरच वाढली, काही झालं नाही." खरे आहे, आजी. माझी मुलगीसुद्धा लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहून माझ्याबरोबर रेणुकादेवीच्या देवळात यायची. आज मला त्याचा अभिमान वाटत नाही. तेव्हा गाड्या कमी होत्या, वेग कमी होता. आणि ज्यांच्या बाबतीत काही झाले, ती पोरे हे सांगायला आज आपल्यात नाहीत.

"बाळ बांधलं की रडतं." पहिले दोन-चार दिवस रडते. रोज बसवले तर त्याला ती आपली जागा वाटू लागते. घरी मात्र झोपवायला ही खुर्ची वापरू नये, झोपायला सपाट अंथरूणच हवे.

"आमच्याकडे मोटारच नाही." तुमची दुचाकी आहे ना? फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. त्याप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. बाळाला घेऊन लांबचा प्रवास दुचाकीने करूच नये.

"वेगळ्या तिकिटाचे पैसे खरंच नाहीत." मग मनाला लावून घेऊ नका. विमान हे सुरक्षित वाहन आहे, मांडीवर बाळ घेऊन लाखो आया सुखरूप जातात. जादा पट्टा मिळाला तर लावा, विमानात शेजारची जागा रिकामी असेल तर सीट तेथे ठेवू देतील का ते आधी विचारा. पण विमानतळापासून घरापर्यंत मुलाला सीट हवीच. मुले मोठी झालेल्या नातेवाइकाकडून मागून आणली तरी चालेल, फक्त ती अपघातात सापडलेली नाही आणि मुदत संपलेली नाही याची खात्री करा.

त्या आजोबांची कथा पूर्ण करतो. परवा ते पुन्हा आले. लेक दहा दिवसांनी येणार आहे. त्यांनी मुंबईला जाणारी गाडी ठरवली होती आणि चालकाला अंगणात बोलावून मागच्या आसनाचे कव्हर काढायला लावले होते. एक पट्टा अडकत नव्हता, तो बदलून घेतला. मला म्हणाले, "डॉक्टर, एकच राहिलं. आमची ही म्हणते, नातू आला की मी त्याला मांडीवर घेणारच."

मी म्हणालो, "घरी पोहोचल्यावर घ्या ना. महिनाभर खाली ठेवू नका."